‘मेंदूचा कोर्स’ विकणाऱ्यापासून सावध राहा (राजापूर-लांजा भाग)

आमच्या राजापूर तालुक्यात एक जण वाड्यावाड्यांतून ‘मेंदूचा कोर्स’ विकत फिरतोय. घरात म्हातारं माणूस असेल तर वाचाच.

आमची काकी पंचाहत्तरीची. गणपतीत एकवीस मोदकांची उकड तिनेच काढलेली. विसर्जनानंतर दोन-तीन दिवसांतच रात्री पडवीत बसून कोणाशी तरी बोलायला लागली, भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या. दिवसा बोलता बोलता झापड. कोणाच्या तरी ओळखीने हे महाशय आले. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप. ‘डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे. रक्त-लघवीत काय सापडणार? वयाचं दुखणं. तीन महिन्यांची पावडर, अठरा हजार, अर्धे आत्ता द्या.’ काकांनी नऊ हजार मोजले. बिल नाही.

सकाळी काकीने सगळ्यांना ओळखलं, चहा मागितला. ‘बघा, पहिलाच डोस लागू पडला!’ संध्याकाळी पुन्हा बरळायला लागली, तर म्हणे डोस वाढवा. खरी मेख इथेच आहे. काकीला होता डिलिरियम, म्हणजे आजाराने किंवा औषधाने अचानक उडालेला मेंदूचा गोंधळ. त्यात औषध न घेताही असा चढउतार होतोच, बहुतेक वेळा रात्री जास्त. सुधारलं तर पावडरीचा गुण, बिघडलं तर पावडर कमी पडली. दोन्हीकडून धंदा त्याचाच!

डिमेन्शिया महिन्या-वर्षांनी चढतो; सुरुवातीला माणूस विसरतो, पण समोरच्याकडे लक्ष देऊन बोलतो. डिलिरियम तासा-दिवसांत येतो आणि लक्षच टिकत नाही. तालुक्याच्या डॉक्टरांनी काकीला वार उलटे म्हणायला लावले. रविवार, शनिवार... पुढे गप्प. लगेच तपासण्या. लघवीत इन्फेक्शन, रक्तात सोडियम ११८ (हवं १३५ ते १४५). बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं, त्याने सोडियम उतरू शकतं. भरती केलं, गोळी बदलली, सोडियम हळूहळूच वर आणलं. पूर्ण ताळ्यावर यायला मात्र काही आठवडे गेले.

बडबड न करता नुसतं गुंगीत पडून राहणं हाही डिलिरियम असू शकतो. तो तर घरच्यांच्या लक्षातही येत नाही. आणि आधीपासून डिमेन्शिया असलेल्यालाही डिलिरियम होतो, उलट जास्तच. अचानक बदल दिसला की आधी दवाखाना.

पावडरीचा डबा टाकला नाही, अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार केली आहे. तुम्हालाही कोणी असं गाठलं असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर विचारा. तो सध्या लांज्याकडे आहे म्हणतात. काकांना मात्र उरलेल्या नऊ हजारांसाठी अजून फोन करतो.