उंची सांगणारं घड्याळ : एका गेजवाल्याचा अभिप्राय

आधी निकाल सांगतो, मग खटला. घड्याळ घेण्यासारखं आहे. बॅटरी टिकते, भर उन्हात आकडे वाचता येतात, जीपीएसने काढलेली वाट पायवाटेवर चोख बसते. फक्त उंचीचा जो आकडा ते दाखवतं, तो खोक्यातून बाहेर काढल्या काढल्या खरा मानू नका. त्याला आधी कामाला लावावं लागतं, आणि ते कसं लावायचं हे सोबतच्या चिटोऱ्यात कुठेही लिहिलेलं नाही.

कंपनीचं नाव लिहीत नाही. हवेच्या दाबावरून उंची सांगणारं कुठलंही घड्याळ घेतलंत तरी दुखणं हेच निघणार, मग एकाच कंपनीला का झोडा? किंमत पंचवीस हजारांच्या आसपास. चिरंजीवांनी घेऊन दिलं, त्यामुळे पैसे वसूल झाले का हा प्रश्न त्यांना विचारावा.

माझी नोकरी पिंपरीतल्या एका कारखान्यात, इन्स्ट्रुमेंट विभागात झाली. लाइनवरून उतरवलेला प्रेशर गेज, म्हणजे दाबमापक, डेड वेट टेस्टरवर (ठरावीक वजनांनी नेमका दाब देणारं यंत्र) चढवायचा, काटा किती चुकतो ते बघायचं, झिरो लावायचा, म्हणजे काटा खऱ्या मापाशी जुळवायचा, तारखेचं स्टिकर चिकटवून परत पाठवायचा. त्यामुळे 'घड्याळ खोटी उंची दाखवतं' अशी तक्रार आमच्या सिंहगडच्या ग्रुपमध्ये सुरू झाली की माझा पहिला प्रश्न असतो : झिरो कधी लावला होता? उत्तर कुणाकडेच नसतं.

मुळात या घड्याळाला उंची कळत नाही. कळतो तो फक्त दाब. कडेला बारीक भोकं आहेत, त्यांच्यामागे सेन्सर बसलेला आहे, आणि तो हवेचा दाब हेक्टोपास्कलमध्ये मोजतो. पुण्याच्या उंचीवर दाब 1 हेक्टोपास्कलने उतरला की घड्याळ समजतं, मालक साधारण 9 मीटर वर चढला. दाब का उतरला हे त्याला ठाऊक नसतं. तुम्ही चढलात म्हणून, की अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला म्हणून, दोन्ही त्याला सारखंच.

सेन्सर म्हणून मात्र वस्तू नामी आहे. आमच्या सोसायटीत अकरावा मजला आहे. जिन्याच्या एका पायरीची उंची टेपने मोजली, पायऱ्यांनी गुणलं, 33 मीटर आले. लिफ्टने वर जाऊन बघितलं तर घड्याळात 31-32 चा फरक. लगेच खाली आलो तर आकडा जवळपास जागेवर. मनगटावरच्या एवढ्याशा डबीकडून याहून जास्त काय मागायचं! कारखान्यात असल्या संवेदनशीलतेचं उपकरण काचेच्या खोलीत ठेवलेलं असायचं आणि त्याला हात लावायला साहेबांची परवानगी लागायची.

पण हेच घड्याळ काढून दिवसभर टीपॉयवर ठेवा. सकाळी दहाला आकडा लिहून ठेवा, दुपारी चारला पुन्हा बघा. आमच्या हॉलने उन्हाळ्यात सहा तासांत पंचवीस-तीस मीटरची चढाई केलेली असते. घड्याळ बिघडलेलं नाही. आपल्या पट्ट्यात हवेचा दाब रोज दोनदा वर जातो आणि दोनदा खाली येतो : सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमाराला चढलेला, पहाटे चार आणि दुपारी चारच्या सुमाराला उतरलेला. समुद्राला भरती-ओहोटी तशी ही हवेची. युरोपात हा चढउतार इतका लहान असतो की येत्या-जात्या वादळांत तो दिसतही नाही. आपल्याकडे हवा शांत असली की 3 हेक्टोपास्कलपर्यंत फरक सहज पडतो. शिवाजीनगरला सिमला ऑफिस आहे, म्हणजे आपलं हवामान खातं. तिथल्या लोकांना हे रोजचंच. घड्याळ बनवणाऱ्यांनी मात्र ते गृहीत धरलेलं दिसत नाही.

आता सिंहगड घ्या. आम्ही आतकरवाडीतून पहाटे सुटतो. तेव्हा दाब चढतीला लागलेला असतो, म्हणजे घड्याळाच्या दृष्टीने आपण चढतोय त्याच वेळी जमीन हळूहळू खाली बसते आहे. वर भजी, मडक्यातलं दही वगैरे उरकून दहाच्या सुमाराला खाली आलो की पार्किंगची उंची सकाळपेक्षा पंधरा-वीस मीटरने कमी भरते. 'काका, पायथा खचला!' हा विनोद आमच्यात आता जुना झाला.

त्याहून मोठी गफलत तापमानाची आहे, आणि ती कुणीच सांगत नाही. दाबावरून उंची काढण्याचं जे सूत्र घड्याळात भरलेलं असतं, ते ठरावीक प्रमाण हवा धरून चालतं : समुद्रसपाटीला 15 अंश सेल्सिअस, आणि वर जाताना दर किलोमीटरला साडेसहा अंश उतार. या हिशोबाने 1000 मीटरवर साडेआठ अंश असायला हवेत. एप्रिलमध्ये सिंहगडाच्या अर्ध्या वाटेवर सकाळी साडेआठ अंश? तिथे चोवीस-पंचवीस असतात. गरम हवा फुगलेली, विरळ. तीच उंची चढताना दाब कमी उतरतो आणि घड्याळ कमी चढाई दाखवतं. दर 10 अंशांना साधारण साडेतीन-चार टक्के, असा ठोकताळा धरा. सिंहगडाची चढाई साधारण 600 मीटर, म्हणजे उन्हाळ्यात तीस-पस्तीस मीटर नुसत्या उष्णतेने गायब. त्यात सकाळच्या चढत्या दाबाचे आठ-दहा मिळवा. पायथ्याशी अगदी तंतोतंत लावलेलं घड्याळही माथ्यावर चाळीसेक मीटर कमी बोलणार. लिफ्टच्या 33 मीटरमधले एक-दोन कुठे गेले, तेही यातच आलं.

आमच्या ग्रुपमधल्या एका आयटीतल्या मुलीचं घड्याळ मात्र माथ्यावर गडाच्या 1312 मीटरच्या जवळ जातं. "काका, माझं तुमच्यापेक्षा भारी आहे." भारी नाही गं, तुझ्या घड्याळात चालता चालता जीपीएसवरून आपोआप सुधारणा होते, माझ्यात मी ती बंद ठेवली आहे. दोन्हीचे फायदे-तोटे आहेत. उघड्या माथ्यावर जीपीएस बरं काम करतं. दरीत, कड्याच्या पोटात, दाट झाडीत अर्धं आकाश झाकलेलं असतं, आणि उपग्रह तर सगळे डोक्यावरच, पायाखाली एकही नाही; त्यामुळे आडवी जागा पाच मीटरमध्ये पकडणारं जीपीएस उंचीत दुप्पट-तिप्पट चुकतं. अशा ठिकाणी आपोआप सुधारणा म्हणजे बऱ्या गेजला बिघडलेल्या मास्टरशी, म्हणजे ज्याच्याशी बाकीचे ताडून बघतात त्या गेजशी, लावण्याचा प्रकार.

जीपीएसच्या उंचीत आपल्या देशापुरती आणखी एक मेख आहे. उपग्रह उंची मोजतात ती पृथ्वीच्या गणिती, गुळगुळीत लंबगोलापासून. खरी समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या कुठे वर असते, कुठे खाली. श्रीलंकेच्या दक्षिणेला ती शंभर मीटरहून जास्त खाली आहे, जगात सर्वांत खोल, आणि त्या खळग्याचा उतार आपल्यापर्यंत पोचतो. म्हणून काही फोन-अ‍ॅप गिरगाव चौपाटीवर कोरड्या वाळूत उभं राहिल्यावर उणे 60 च्या आसपास उंची दाखवतात. घड्याळात ही दुरुस्ती आधीच केलेली असते. तेव्हा फोनवरच्या असल्या अ‍ॅपमध्ये बघून घड्याळाची उंची 'बरोबर' करू नका. आमच्यात एकाने केली होती आणि महिनाभर तो सगळ्यांपेक्षा साठ-सत्तर मीटर ठेंगणा होता.

ग्राहक सेवेबद्दल. फोन उचलतात, बोलणं नम्र आहे, ज्ञान शून्य. "सर, वॉच फॅक्टरी रीसेट केलं का?" केलं. "अ‍ॅप अपडेट केलं का?" केलं. "मग सर, आम्ही पीस बदलून देतो." त्यांनी खरोखर बदलून दिला, त्याबद्दल पूर्ण गुण, आणि नवा पीसही टीपॉयवर ठेवल्या ठेवल्या दुपारी चारपर्यंत तेवढाच चढला, कारण हवा काही त्यांनी बदलून दिली नव्हती. 'शेवटचं कॅलिब्रेशन कधी केलंत' हा एक प्रश्न त्यांच्या कागदावर असता तर कुरियरचा खर्च वाचला असता.

पावसाळ्यात सेन्सरचे खरे हाल होतात. जानेवारीच्या मानाने जुलैत महाराष्ट्रावरचा दाब आठ-दहा हेक्टोपास्कलने उतरलेला असतो, म्हणजे हिवाळ्यात झिरो लावून विसरलात तर आषाढात तुमचं घर सत्तर-ऐंशी मीटर उंच गेलेलं दिसेल. शिवाय भोकांत पाणी. थेंब अडकला की आकडा एका जागी गोठतो, मग एकदम उडी मारतो. उन्हाळ्यात हेच काम घामाचं मीठ आणि सनस्क्रीन करतात. उपाय साधा : कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एखादा थेंब टाकून घड्याळ थोडा वेळ बुडवून ठेवा, साध्या पाण्याने विसळा, झटका, वाळू द्या. टाचणी, सुई, टूथपिक अजिबात घालू नका. आत पातळ पडदा असतो, तो फाटला की विषय संपला.

वाराही गडबड करतो. राजगडाच्या सुवेळा माचीवर ताशी 50 किलोमीटरचा झोत थेट भोकांवर आला तर आठ-दहा मीटर इकडचे तिकडे होऊ शकतात. दोन मिनिटं आडोशाला उभं राहून आकडा बघावा.

भोकं तुंबली आहेत की सेन्सरच गेला, हे बघायला मी घरची चाचणी करतो. झिप लागणारी प्लास्टिकची पिशवी हवेने फुगवायची, आत घड्याळ टाकून बंद करायची आणि हलकेच दाबायची. आतला दाब वाढतो, उंची झटकन कमी व्हायला हवी. सोडली की परत वर. आकडा हलला तर सेन्सर जिवंत आहे आणि भोकं उघडी आहेत. मग दोष फक्त झिरोचा. हलला नाही तर आंघोळ घाला. तरीही नाही, तर वॉरंटी.

झिरो लावायला ओळखीची उंची लागते. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, पुण्याच्याही आहे. ती पाटी म्हणजे सामान्य माणसाचा मास्टर गेज, फुकट. तिथून घरी येऊन लगेच घराची उंची लिहून ठेवायची. पुढे निघताना दारात हाताने तो आकडा भरला की झालं. दूर जायचं असेल तर पायथ्याच्या गावाची उंची नकाशावरून आदल्या रात्रीच काढून ठेवतो आणि चढाईला लागण्यापूर्वी तीच भरतो. कळसूबाईला बारी गावात हे केलं तर 1646 मीटरच्या शिखरावर उष्णतेची वजावट तेवढी उरते, आणि ती आता तोंडपाठ आहे.

एकूण चढाईच्या बेरजेवर फार जीव लावू नये. प्रत्येक कंपनी किती मीटरच्या खालची थरथर सोडून द्यायची हे आपापलं ठरवते, म्हणून एकाच वाटेवरून गेलेल्या दोघांची बेरीज जुळत नाही. अ‍ॅपमधली 'उंची दुरुस्त करा' ही सोय घड्याळाची उंची पुसून नकाशातली भरते; ती कोकणकड्यासारख्या ठिकाणी टाळा. असे अनेक नकाशे 2000 च्या फेब्रुवारीत एन्डेव्हर यानाने रडारने केलेल्या मोजणीवर उभे आहेत, त्यांचा एक चौकोन 30 मीटरचा. कड्याच्या काठावरून चालताना तुमचा एक ठिपका चौकोनभर सरकला की अ‍ॅपच्या मते तुम्ही दरीत पडून परत वर आलात, आणि ती सगळी चढाई तुमच्या नावावर जमा.

आता माझी खरी तक्रार. हाताने उंची भरायची सोय सेटिंगच्या आत, त्याच्याही आत, चौथ्या-पाचव्या पडद्यामागे दडवली आहे. हृदयाचे ठोके, ताणतणाव, झोपेचे गुण असल्या गोष्टी एका बटनावर, आणि जे रोज लागतं ते तळघरात. पहाटेच्या अंधारात, चष्मा पिशवीत असताना ते शोधून दाखवावं एखाद्या इंजिनिअरने.

ट्रेकिंग करणाऱ्याने घ्यावं, नुसती पावलं मोजायची असतील त्याने नको. स्वस्तातली घड्याळंही खोक्यावर 'अल्टिट्यूड' छापतात. त्यांत बॅरोमीटर, म्हणजे हवेचा दाब मोजणारा सेन्सर, आहे का ते तपशिलात वाचा, नाहीतर नुसत्या जीपीएसचा आकडा पदरात पडेल. आणि सोबत आलेला सिलिकॉनचा पट्टा पहिल्याच आठवड्यात काढून टाका, घामाने मनगटावर पुरळ उठतं. नायलॉनचा साधा पट्टा तीनशे रुपयांत मिळतो.