गिम्प ३.० : काही महिने रोजच्या कामाला लावल्यानंतर

गिम्प या फोटो-डिझाइनच्या सॉफ्टवेअरवरून वाद पेटला की दोन पार्ट्या ठरलेल्या. एक म्हणते, फुकट आहे म्हणून किती सोसायचं? दुसरी म्हणते, फोटोशॉप शिकायला वर्ष घातलंत, याला एक आठवडा द्यायला काय होतं? मार्च २०२५ मध्ये आलेली ३.० आवृत्ती लग्नपत्रिका, मंडळांचे फ्लेक्स, क्लासच्या जाहिराती आणि फॉर्मचे फोटो अशा पुण्यातल्या नेहमीच्या डीटीपी कामाला लावल्यावर माझं मत असं झालंय की दोघं वेगवेगळ्या गोष्टींवर भांडतात. काही तक्रारी निव्वळ हाताला लागलेल्या वळणाच्या आहेत, त्या आठवडाभरात मिटतात. काही मात्र खऱ्या आहेत, आणि कितीही सवय झाली तरी त्या तशाच राहतात.

आधी वळणाच्या. फोटोशॉपवरून आलेला माणूस सिलेक्शन (चित्राचा निवडलेला भाग) सोडायला कंट्रोल-डी दाबतो. गिम्पमध्ये त्याने अख्ख्या चित्राची दुसरी प्रत नव्या टॅबमध्ये उघडते. मग आकार बदलायला कंट्रोल-टी. इथे त्याने सिलेक्शनची सरकती तुटक रेघ फक्त दिसेनाशी होते, सिलेक्शन जागच्या जागी असतं. पुढे ब्रश फिरवला की रंग एका चौकोनातच उमटतो, बाहेर काही म्हणता काही नाही, आणि ‘हे हँग होतं’ असा शेरा मारला जातो. बी दाबलं तर ब्रशऐवजी पाथ टूल येतं. चुकून टॅबची की लागली तर दोन्ही बाजूंची पॅनल गायब. तीच की पुन्हा दाबली की परत. सिलेक्शन सोडायला कंट्रोल-शिफ्ट-ए, लहानमोठं करणं-फिरवणं-तिरपं करणं एकाच जागी हवं तर शिफ्ट-टी, ब्रशला पी. एवढं पाठ झालं की निम्मी कटकट संपते. एडिट मेन्यूतल्या कीबोर्ड शॉर्टकट्समध्ये सगळ्या कीज बदलताही येतात. फोटोजिम्प नावाचं तयार पॅकेज तेच काम एका फटक्यात करतं, पण ते टाकलं की गिम्पच्या मार्गदर्शिकेतले बरेच शॉर्टकट तुमच्या मशीनवर चालेनासे होतात. मी ते सुचवत नाही.

सेव्ह आणि एक्स्पोर्टचं भांडण २०१२ सालच्या २.८ आवृत्तीपासून चालू आहे. सेव्ह म्हणजे फक्त एक्ससीएफ, गिम्पची स्वतःची फाइल. जेपेग, पीएनजी हवं तर एक्स्पोर्ट. तत्त्व मला पटतं, कारण पत्रिकेची लेयर (एकावर एक थर) असलेली फाइल जेपेगवर सेव्ह करून बंद करणारे लोक कमी नाहीत. पण सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षावाल्या मुलांचे फॉर्मचे फोटो करून देणाऱ्याला या तत्त्वाचा काय उपयोग? त्याला चित्र कापून, आकार बसवून पुढचा फोटो घ्यायचा असतो. त्याने हे करावं: क्रॉप टूलच्या पर्यायांत फिक्स्डवर टिक करून ३५:४५ हे प्रमाण टाकावं, कापल्यावर स्केल इमेजमध्ये ४१३ × ५३१ पिक्सेल द्यावेत (३५ × ४५ मिमी, ३०० पीपीआय, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल), मग कंट्रोल-शिफ्ट-ई. जेपेगच्या खिडकीत प्रिव्ह्यू चालू केला की क्वालिटीचा आकडा सरकवताना फाइल किती केबीची होणार ते तिथेच दिसतं. ५० केबीच्या मर्यादेसाठी अंदाजपंचे चार वेळा एक्स्पोर्ट करायची गरज नाही. त्याच फाइलवर पुन्हा काम केलं तर नुसतं कंट्रोल-ई पुरतं. तरीही बंद करताना ‘सेव्ह केलेलं नाही’ हा इशारा येतोच, आणि दिवसभर तो बघून डोकं उठतं, हे मान्य.

३.० मध्ये खरोखर बदललंय ते फिल्टरचं वागणं. लेव्हल्स, कर्व्ह्ज (उजेड-गडदपणा बदलणारे), ब्लर (धूसर करणारा) लावून ओके केलं तरी ते लेयरवर कायमचे चिकटत नाहीत. लेयरच्या ओळीत एफएक्सचं चिन्ह दिसतं, त्यावर क्लिक करून आकडे पुन्हा बदलता येतात. पक्कंच करायचं असेल तर फिल्टरच्या खिडकीत खाली मर्ज फिल्टरवर टिक करायची. पेस्ट केलेलं चित्रही आता तरंगतं न राहता सरळ नवी लेयर होतं. आधीच्या आवृत्तीवरून ‘गिम्प म्हणजे ताप’ ठरवलेल्यांनी एवढ्या दोन गोष्टींसाठी तरी पुन्हा बघायला हरकत नाही.

देवनागरीची बाजू चांगली आहे, पण पथ्यं आहेत. युनिकोड मजकुरात जोडाक्षरं, रफार, वेलांट्या नीट बसतात. श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर मात्र चिकटवलात तर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसेल. आधी कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्या. ल आणि श हिंदी वळणाचे दिसत असतील तर टेक्स्ट टूलच्या पर्यायांत खाली लँग्वेज आहे, तिथे मराठी निवडा. फाँटमध्ये मराठी वळण असेल तर अक्षरं लगेच बदलतात. तिरो देवनागरी मराठीसारख्या फाँटमध्ये ते मुळातच आहे. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेघ तुटते. शीर्षक रुंद दिसायला हवं असेल तर रुंद फाँट घ्या. टेक्स्ट लेयर स्केल टूलने ताणली की नंतर ‘चि.सौ.कां.’मधला टिंब बदलायचा झाला तरी ते ताणणं पुसलं जातं, पुन्हा करणं आलं. आकार नेहमी फाँटच्या साइझनेच वाढवा.

फ्लेक्सच्या शीर्षकाला पांढरी कड द्यायला आता टेक्स्ट टूलमध्येच आउटलाइन आहे. ती दिल्यावर १०० टक्क्यांवर झूम करून सांधे बघा. फाँटमध्ये शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेघा एकमेकींवर चढलेल्या असतील तर सांध्यावर नको ती रेघ उमटते. तसं झालं तर जुनी रीत बरी: लेयरवर राइट-क्लिक करून अल्फा टू सिलेक्शन, सिलेक्ट मेन्यूतून ग्रो, ८ ते १० पिक्सेल, खाली नवी लेयर, त्यात पांढरा. कड एकसंध येते.

आता खऱ्या तक्रारी. सर्वांत मोठी सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंची रंगपद्धत. गिम्पमध्ये काम आरजीबीतच, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्यातच होतं. ३.० मध्ये इमेज मेन्यूतल्या कलर मॅनेजमेंटमधून सॉफ्ट-प्रूफ प्रोफाइल (छापल्यावर रंग कसे येतील ते सांगणारी फाइल) लावून जेपेग किंवा टिफ सीएमवायके करून काढता येतं. फोटोपुरतं ते चालतं. अडतं ते काळ्या अक्षरांवर. आरजीबीतला काळा बदलताना चारही शाईंत वाटला जातो. नारायण पेठेतल्या ऑफसेट प्रेसवर चार प्लेटी केसभर जरी सरकल्या, तरी पत्रिकेतल्या बारीक अक्षरांना निळी-गुलाबी झालर दिसते, आणि खापर प्रेसवाल्यावर फुटतं. म्हणून फोटो आणि नक्षी गिम्पमध्ये, मजकूर स्क्रायबस या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये निव्वळ १०० टक्के काळ्यात, आणि तिथून पीडीएफ. स्क्रायबस १.६ किंवा पुढचंच घ्या, १.४ मध्ये देवनागरी जोडाक्षरं फुटतात. फ्लेक्सला हा प्रश्न नाही, तिथे आरजीबी जेपेग सर्रास चालतं.

दुसरी, आकारांची. ३.० मध्ये गोल काढायचा तर इलिप्स सिलेक्ट ओढताना शिफ्ट धरायची, मग एडिटमधून स्ट्रोक सिलेक्शन. काढल्यावर त्याची जाडी बदलता येत नाही. २०२५ साली हे समर्थनीय नाही, आकार काढायचं इंकस्केप हाताशी ठेवावंच लागतं. तिसरी, पीएसडीची, म्हणजे फोटोशॉपच्या फाइलची. दुसऱ्या डिझायनरकडून आलेल्या पीएसडीतला मजकूर चित्र होऊन उघडतो. नावं-तारखा बदलायच्या असतील तर फोटोपी ही वेबसाइट ब्राउझरमध्ये उघडून तिथेच बदला.

फ्लेक्स करणाऱ्यांनी मेमरीचा हिशोब आधी मांडावा. १० × ६ फूट, ७२ पीपीआय म्हणजे ८६४० × ५१८४ पिक्सेल. ८ बिटमध्ये एक लेयर साधारण १७९ एमबी, सहा लेयर झाल्या की १ जीबी पार. रंगांची अचूकता वाढवायला ३२ बिट फ्लोटला नेलं तर चौपट, आणि फ्लेक्सला त्याचा काडीचा उपयोग नाही. मशीनमध्ये ८ जीबी रॅम असेल तर प्रेफरन्सेसमधल्या सिस्टीम रिसोर्सेसमध्ये टाइल कॅश (गिम्पने वापरायची रॅम) ४ जीबी ठेवा आणि फोल्डर्समधून स्वॅप फोल्डर (रॅम भरली की डिस्कवर वापरायची जागा) एसएसडीवर न्या. एवढ्या मोठ्या लेयरवर ब्लर मर्ज न करता ठेवला तर ब्रशच्या प्रत्येक फटकाऱ्याला तो पुन्हा मोजला जातो आणि कर्सर रेंगाळतो. पसंती आली की मर्ज करून टाका. आधीच्या २.१० आवृत्तीसाठीची पायथन प्लगइन्स (वरून जोडायचे छोटे प्रोग्राम) ३.० मध्ये चालत नाहीत. त्यांतल्या एखाद्यावर रोजचं काम अवलंबून असेल तर त्याची नवी आवृत्ती निघालीय का ते बघा, आणि गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात अपग्रेडच्या भानगडीत पडू नका.