जुन्या पद्धतीचं पातं, नवी साधनं: पैसे कशावर घालावेत?

एकाच यंत्रापुरते पैसे असतील तर यांत्रिक घण नको, तापमान धरून ठेवणारी विजेची भट्टी घ्या. घण हातानं पडला की यंत्रानं, पोलादाला सारखंच. दमतो तो दंड. आच पन्नास अंशांनी चुकली तर मात्र पातं हातचं जातं.

घडाईला लाकडी कोळसा अजूनही उत्तम. त्यात गंधक नगण्य असतं, आणि भात्याचा वारा आवरून टोकापुरतीच आच देता येते. गॅसच्या भट्टीत सगळी पट्टी तापते. पण १०८४ (साधं कार्बन पोलाद) आणि १५एन२० (निकेल असलेलं पोलाद) यांचे थर जोडायचे असतील तर गॅसच सरस, कारण गाभ्यापर्यंत सारखे १२०० अंश लागतात. कोळशात बाहेरून ठिणग्या उडू लागतात तरी गाभा नारिंगीच, मग सांधा धरत नाही. सांधा स्वच्छ राहावा म्हणून टाकणखार वापरणार असाल तर गॅसच्या भट्टीच्या आतल्या सिरॅमिक लोकरीवर उष्णतारोधक लेप द्याच. वितळलेला खार ती खाऊन टाकतो. भट्टी कोणतीही असो, बंद खोलीत नको: कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

खरा फरक पाणी देताना, म्हणजे पातं तापवून एकदम थंड करून कडक करताना, कळतो. तापताना अंधारात पाहिलं तर लाल पात्यावरून काळसर सावली सरकते, जाड पाठीजवळ रेंगाळते आणि विरते. पोलादाची आतली रचना बदलल्याची ही खूण, आणि ती डोळ्यांनी पकडणं हेच या कलेचं मर्म. लोहचुंबकावर विसंबू नका. तो ७७० अंशांनाच पात्याला चिकटेनासा होतो, १०८४ ला साधारण ८१५ हवेत. उघड्या आचेवर पाठ तिथवर पोचेतो पातळ टोक जास्त तापतं, कण मोठे होतात. मोडलं तर आत जाड रवा दिसतो. विजेच्या भट्टीत ८१५ वर पाच-दहा मिनिटं ठेवा, मग ५० अंशांच्या पातळ तेलात बुडवा. कानस न चावता घसरली म्हणजे पाणी चढलं, पातं कडक झालं. ठिसूळपणा कमी व्हावा म्हणून लगेच २०० अंशांवर दोन-दोन तास, दोनदा तापवा.

या भट्टीतली हवा पृष्ठभागाचा कार्बन जाळते, म्हणून धार आधीच बारीक करू नका, एक मिलिमीटर जाड राखा. पुढे बेल्ट ग्राइंडरवर पातं उघड्या हातानं धरा, म्हणजे तापलेलं लगेच कळेल, आणि दर फेरीला पाण्यात बुडवा. धारेवर निळी झाक आली की तेवढा भाग मऊ पडला. शेवटची धार ओल्या दगडावरच. तिथे वेळ जातो, पण पाणी उतरत नाही.