'फार्म फ्रेश' अंडी: एक तारा, तोही अंडी आणून देणाऱ्या मुलासाठी

एकही अंडं फुटलं नव्हतं, म्हणून तारा त्या मुलाला. बाकी या ॲपला शून्य.

मी घरून केकच्या ऑर्डरी घेते. पांढरं वेगळं करायला बसले तर बलक हात लागताच फुटायला लागले. ताटलीत फोडलेल्या अंड्याचं पांढरं पाण्यासारखं पसरलं. उरलेली पाण्यात सोडली तर बरीचशी रुंद टोक वर करून उभी राहिली, काही चक्क तरंगली. कवचाला बारीक छिद्रं असतात. त्यातून ओलावा जातो, हवा आत येते आणि रुंद टोकाची पोकळी वाढत जाते. युरोपात 'अ' दर्जाच्या अंड्यात ही पोकळी ६ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. अंधारात टॉर्च लावून पाहिलं, माझ्याकडच्या अंड्यांत ती बोटाच्या पेराएवढी होती. उकडल्यावर सालं मात्र अशी सुटली की काय सांगू! ताज्या अंड्याचं साल इतकं सुखाने निघत नाही.

कस्टमर केअरचं म्हणणं, "मॅडम, वास येत नाही ना? मग खराब नाहीत." अहो, कुजकी आहेत असं मी म्हटलंच कुठे? शिळा माल ताजा म्हणून विकलात, तक्रार एवढीच आहे. आणि ही फसवणूक आहे, मग अंडी खाऊन कोणी आजारी पडो वा न पडो.

खरी मेख ट्रेवर आहे. तिथे फक्त पॅकिंगची तारीख छापली आहे. अंडी त्याआधी किती दिवस गोदामात पडून होती, कुणाला कळणार? युरोपात 'या तारखेपर्यंत वापरा' ही तारीख अंडं घातल्यापासून २८ दिवसांच्या आतली असावी लागते, त्यामुळे उलटा हिशेब निदान करता तरी येतो. इथे खटला भरला तरी विक्रेत्याचा वकील म्हणेल, बाईंनीच उन्हात ठेवली असतील. उष्णतेने पोकळी भराभर वाढते हेही खरंच. म्हणून माझ्या उघडलेल्या ट्रेला पुरावा म्हणून फारशी किंमत नाही. निरीक्षकाने गोदामातूनच सीलबंद नमुना उचलला पाहिजे. ट्रेवरचा बॅच नंबर देऊन मी तशी लेखी तक्रार केली आहे.

पैसे परत मिळाले, मी न मागताच आणि लगेच. ॲपवर माझी तक्रार आता 'ग्राहक समाधानी' या शेऱ्यासह बंद दिसते.