दंड भावाचा, दंड मला: टॅटू काढायची क्रीम, पाच महिन्यांनंतर

तीन ट्यूब, प्रत्येकी ८९९ रुपये. धाकट्याच्या उजव्या दंडावर विंचू आहे, जत्रेत दोनशे रुपयांत काढलेला. लष्करभरतीत टॅटू चालतो तो कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूला, नाहीतर तळहाताच्या मागे. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावातच, त्यामुळे आमच्या खानापूरकडच्या पोरांना हे पाठ असतं. आमच्या शहाण्याला टोचून घेतल्यावर कळलं.

आधी ट्यूबबद्दल, कारण डोकं तिनंच फिरवलंय. हरभऱ्याएवढी क्रीम लावा म्हणून लिहिलंय आणि दाबलं की लिंबाएवढी बाहेर. परत आत जात नाही. उरलेली मी बाटलीच्या झाकणात जमवून दुसऱ्या दिवशी लावायला लावायचो. टोपणाचे आटे चौथ्या दिवशी गेले, तेव्हापासून रबरबँड. तिन्ही ट्यूबची तीच तऱ्हा. नऊशेच्या मालाला दहा रुपयांच्या टूथपेस्टसारखं टोपण तरी द्या की!

दुसऱ्या महिन्यात मात्र मी खूश होतो. खपली निघाली, विंचू अंधुक दिसायला लागला. दोघा मित्रांनाही घ्या म्हणालो. ते शब्द मागे. चौथ्या महिन्यात कातडी भरून आली आणि विंचू नांगीसकट हजर, वर भोवती काळा डाग. कस्टमर केअर म्हणतं, ‘अजून तीन महिने वापरा, सर.’ फोडलेली ट्यूब परत घेत नाहीत. न फोडता गुण कसा कळायचा?

शेवटी बेळगावात स्किनच्या डॉक्टरांकडे गेलो. शाई कातडीच्या खालच्या थरात असते, तिथल्या पेशी ती गिळून बसतात. पेशी मेली की सुटलेली शाई दुसरी गिळते; २०१८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी हे उंदरांत दाखवलं. आमच्या खोक्यावर बारीक अक्षरात ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड आहे, ते वरची कातडी जाळतं. त्या पेशींनाच गाठणारी क्रीम २०१५ च्या सुमारास कॅनडात डलहौसी विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्यानं करायला घेतली होती, पण ती दुकानात आलेली नाही.

आजीला विचारलं असतं तर फुकटात झालं असतं. ‘आमचं गोंदण मेल्यावर बी संगट जातंय, मलमानं जातंय व्हय?’

आता डाग बरा झाल्याशिवाय लेझर नाही, मग दीड-दोन महिन्यांनी एक अशा कितीतरी बैठका. क्रीम बंद. परवा धाकटा विचारतो, ‘दादा, झाकणातली तेवढी संपवू काय?’ नको म्हणालो. पण लगेच नाही.