समुद्राकाठच्या दमट थंडीत लाकडाचा स्टोव्ह: दोन हिवाळे वापरल्यानंतर

स्टोव्ह बसवून आता १७ महिने झाले, दोन अख्खे हिवाळे काढलेत त्याच्यावर, म्हणून आता लिहायला हरकत नाही. पहिल्या हिवाळ्यात लिहिलं असतं तर 'घेऊ नका' एवढंच लिहिलं असतं, आणि चूक माझी असून दोष स्टोव्हला दिला असता.

आधी थंडी कसली ते सांगतो, कारण कोरड्या थंडीतल्या लोकांना हे पटकन कळत नाही. बाहेर ७-८ डिग्री, म्हणजे आकडा काही भयंकर नाही. पण हवा इतकी ओली की रात्री पांघरुणात शिरलं की चादर ओलसर लागते, कपाट उघडलं की कुबट वास, मीठ तर मीठ पण पुस्तकांची पानंसुद्धा सादळलेली, आणि उत्तरेकडच्या भिंतीवर दरवर्षी बुरशीचे काळे ठिपके नि रंगाचे पोपडे. आईचे गुडघे डिसेंबर ते मार्च नुसते आखडलेले. आधी आम्ही गॅसचा हीटर वापरायचो, तो धुराडं नसलेला, चाकांवर फिरवायचा. खोली गरम व्हायची पण काचांवरून पाण्याचे ओघळ. नंतर कळलं की १ किलो गॅस जळला की दीड लिटरहून जास्त पाणी वाफ होऊन त्याच खोलीत राहतं. म्हणजे ओल घालवायला आम्ही खोलीत पाणीच सोडत होतो.

लाकडाच्या स्टोव्हचं गणित उलटं आहे. जळण्यातून निघणारी वाफ धुरासोबत चिमणीतून बाहेर जाते, आणि स्टोव्ह खोलीतली हवा ओढत राहतो म्हणून बाहेरची थंड हवा फटीफटीतून आत येत राहते. ती थंड हवा ९०% आर्द्रतेची असली तरी ८ डिग्रीला तिच्यात घनमीटरमागे जेमतेम साडेसात ग्रॅम पाणी असतं, आणि तीच हवा २० डिग्रीला तापली की १७ ग्रॅम धरू शकते, त्यामुळे आर्द्रता आपोआप निम्म्याच्या खाली. घरात माणसं आहेत, स्वयंपाक आहे, कपडे वाळताहेत, म्हणून आमच्याकडे हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजायचं यंत्र, ५० ते ५५ टक्क्यांवर थांबतो. आधी हाच आकडा ७८-८० असायचा. दुसऱ्या हिवाळ्यात एका रात्री आई म्हणाली, "अरे, आज उशी कोरडी लागतेय." मला तेवढ्यात सगळं मिळालं.

पण हे दुसऱ्या हिवाळ्याचं. पहिल्यात काय झालं ते ऐका.

सरपण ज्याच्याकडून घेतलं त्याने 'वर्षभर वाळवलेलं' म्हणून दिलं. दिसायला चांगलं होतं, टोकांना तडे वगैरे गेलेले. पेटवलं की सूं सूं आवाज, टोकातून फेस, काच अर्ध्या तासात काळी, आणि स्टोव्हवर हात ठेवता येईल इतपतच ऊब. मला वाटलं स्टोव्ह खराब. शेवटी लाकडातली ओल मोजायचा मॉइश्चर मीटर आणला आणि ओंडक्याच्या बाहेरून टोचला तर १८ टक्के, वा! मग कुणीतरी सांगितलं बाहेरून नाही, आधी फोडा आणि आतल्या ताज्या बाजूला मधोमध टोचा. तसं केलं तर ३३. २० च्या वर असेल तर ते सरपण नाही, ते ओलं लाकूड आहे, विकणारा काहीही म्हणू दे. आता मीटरशिवायही कळतं, दोन तुकडे एकमेकांवर आपटले की वाळलेलं खणकन वाजतं आणि ओलं नुसतं भद्द करतं.

ओल्या लाकडाने उष्णता वाया जाते असं सगळे म्हणतात, ते खरं आहे पण पाणी उकळण्यात जाते ती उष्णता तशी फार नाही. खरा घात होतो तो जाळ थंड पडण्यात. लाकूड तापलं की त्यातून वायू सुटतो आणि ज्वाला म्हणून आपण बघतो तो हा वायू जळत असतो, त्याला साधारण ६०० डिग्री लागतात. पेटीत तेवढं तापमान आलं नाही तर तो वायू न जळता धूर म्हणून वर जातो, थंड चिमणीला चिकटतो, आणि त्याचं क्रिओसोट, म्हणजे डांबरासारखं पेट घेणारं किटण होतं. म्हणजे ऊब पण गेली आणि वर आगीची भीती पण.

ती भीती आम्ही जवळून बघितली. मी रात्री झोपताना पेटी ठासून भरायचो आणि हवेचा दट्ट्या पूर्ण बंद करायचो, सकाळपर्यंत निखारे राहावेत म्हणून. फेब्रुवारीत चिमणी साफ करायला काका आले, ब्रश फिरवला, खाली नुसती काजळी पडेल असं मला वाटलेलं तर पडले चकचकीत काळे खपले, डांबर वाळल्यासारखे, नखाने उकरले तरी निघेनात. काकांनी माझ्याकडे बघून एवढंच विचारलं, "रात्री जाळ दाबून ठेवता ना?" हो म्हटलं. म्हणाले हे पेटलं असतं तर चिमणी भट्टीसारखी तापली असती आणि छताचं लाकूड धरलं असतं. त्या दिवसापासून रात्रभर धुमसवणं बंद. संध्याकाळी लहान पण भडक जाळ, तीन-चार तास, मग आपसूक विझू द्यायचा. भिंती तापलेल्या असतात, सकाळी खोली १६ च्या खाली जात नाही.

पेटवायची पद्धत पण बदलली. जाड तुकडे खाली, त्यावर बारीक ढलप्या, सगळ्यात वर काटक्या आणि वरूनच पेटवायचं. धूर जवळजवळ होत नाही कारण सुटणारा वायू वरच्या ज्वालेतूनच जातो. दमट वाऱ्याच्या दिवशी चिमणीत थंड हवेचा बूच बसलेला असतो आणि पेटवल्या पेटवल्या धूर खोलीत येतो, तेव्हा आधी कागदाचा एक बोळा वरच्या बाजूला जाळून चिमणी जरा गरम करायची आणि दोन मिनिटं खिडकी फटभर उघडी ठेवायची.

सरपण वाळवणं हेच खरं काम आहे, आणि समुद्राकाठी लोक घाबरतात की इथे लाकूड वाळणारच नाही. वाळतं. ८०% आर्द्रतेच्या हवेतसुद्धा लाकूड १६% च्या आसपास येऊन थांबतं, म्हणजे २० च्या आत. फक्त वारा लागला पाहिजे. मी पहिल्यांदा अख्खा ढीग ताडपत्रीत गुंडाळून ठेवला होता, आतून बुरशी आली. आता जमिनीपासून वीतभर उंच, फोडलेलंच, फक्त वरून झाकलेलं आणि बाजू उघड्या, तोंड वाऱ्याकडे. हवेतला दमटपणा लाकडाचा तेवढा शत्रू नाही, कोंडलेली हवा आहे. आणि किनाऱ्यावर वाहून आलेलं लाकूड कितीही कोरडं आणि फुकट असलं तरी जाळू नका, त्यातल्या मिठाने स्टोव्हचं लोखंड खातं आणि धुरात डायऑक्सिनसारखी विषारी द्रव्यं तयार होतात. रंगवलेलं, पॉलिश केलेलं लाकूड पण नाहीच.

तक्रारी आहेत. मी गरजेपेक्षा मोठा स्टोव्ह घेतला, ८ किलोवॉटचा, खोलीला ५ पुरला असता. मोठा स्टोव्ह पूर्ण तापवला की खोलीत बसवत नाही म्हणून माणूस हवा कमी करतो आणि पुन्हा धुमसणं सुरू. हे विकणाऱ्याने सांगायला हवं होतं. लांबच्या बेडरूममध्ये पहिल्या महिन्यात काचांना पाणी यायचं, कारण गरम दमट हवा तिकडे जाऊन थंड काचेवर बसत होती; दार दिवसभर उघडं ठेवायला लागल्यावर थांबलं. चिमणीवरची टोपी खाऱ्या वाऱ्याने दीड वर्षात गंजली, आता खाऱ्या हवेत सहज न गंजणाऱ्या ३१६ ग्रेड स्टीलची बसवली आहे. उन्हाळ्यात स्टोव्ह बंद असताना आत गंज धरतो, म्हणून सीझन संपला की राख पूर्ण काढून दार किलकिलं ठेवतो. हिवाळ्यात मात्र बोटभर राख खाली राहू देतो, निखारे टिकतात.

राखेबद्दल एक सांगतोच. गार दिसणाऱ्या राखेत तीन दिवसांनीही निखारा जिवंत सापडलाय मला, त्यामुळे झाकणाचा पत्र्याचा डबा, आणि तो घराबाहेर फरशीवर. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म स्टोव्हच्या खोलीत आधी लावा मग पहिली काडी ओढा, त्या वायूला वास नसतो. घरात दम्याचं कुणी असेल तर मी लाकडाचा आग्रह धरणार नाही, दार उघडताना थोडा धूर येतोच.

पुढच्या हिवाळ्याचं सरपण गेल्या आठवड्यात रचलं. काल मधला एक तुकडा फोडून मीटर लावला, ३४ आला. नोव्हेंबरच्या आधी परत बघेन, २० च्या खाली नसेल तर तो ढीग पुढच्या वर्षावर.