जुन्या ग्राफिक्स कार्डची मेमरी बिघडली: चिप घरी बदलायची, नागपूरच्या बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) दुकानात द्यायची की दुसरं कार्ड घ्यायचं?

नव्वदच्या दशकातलं एस-थ्री ट्रायो ६४ कार्ड असो की थ्रीडी गेमसाठीचं व्हूडू २, स्क्रीनवर ठिपके, रेघा, भलतीच अक्षरं दिसू लागली की तीनच वाटा उरतात. माझं मत आधीच सांगतो: चिपच्या पिना बाहेर दिसत असतील तर काम घरी करा. सोल्डरचे सांधे चिपच्या पोटाखाली असतील, म्हणजे बीजीए असेल, तर दुकानातच द्या.

पण त्याआधी दोष कुठे आहे ते ठरवा. तेच न ठरवता कार्ड तापवायला घेणं मला अजिबात पटत नाही. ट्रायोवर डॉसचा प्रॉम्प्ट नीट वाचा. सी-च्या जागी जी, ए-च्या जागी ई आणि मोकळ्या जागेत सगळीकडे डॉलरचं चिन्ह दिसत असेल, तर निदान जवळपास झालंच. या प्रत्येक जोडीत आस्की कोडमधला (अक्षराला दिलेल्या आकड्यातला) एकच, ४ किमतीचा बिट वेगळा आहे, आणि तोच अडकलाय. अक्षरं बरोबर पण रंग चुकीचे असतील तर दोष अक्षरांच्या नाही, रंगांच्या प्लेनमध्ये, म्हणजे मेमरीच्या त्या थरात. एखादं अक्षर जिथेतिथे सारखंच मोडलेलं दिसलं तर फॉन्टच्या, म्हणजे अक्षरांच्या आकारांच्या प्लेनमध्ये. व्हीजीए टेक्स्ट मोडमध्ये (नुसत्या अक्षरांच्या स्क्रीनमध्ये) या तिन्ही गोष्टी वेगळ्या प्लेनमध्ये राहतात.

व्हूडू २ ची खूण वेगळी. खराबी स्क्रीनवर एकाच जागी थांबत असेल तर फ्रेमबफर, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र साठवणारी मेमरी बघा. गेममधल्या भिंतीसोबत सरकत असेल तर टेक्श्चर मेमरी, जिच्यात भिंती-वस्तूंवर चढवायची चित्रं राहतात. १२ एमबीच्या कार्डात ४ एमबी फ्रेमबफरला आणि उरलेली ८ दोन टेक्श्चर युनिटांना वाटलेली असते. या कार्डांच्या बारीक पिना एकावर एक रचून ठेवल्याने वाकतात, म्हणून भिंगाखाली प्रत्येक पिन सुईने हलकेच हलवून बघा. पुष्कळदा चिप चांगलीच असते, फक्त सांधा सुटलेला असतो.

घरी करायचं तर हॉट एअर (गरम हवेचं सोल्डरिंग यंत्र) नसलं तरी चालतं. मेलेली चिप वाचवायची नसते, तेव्हा धारदार कटरने पिना चिपच्या अंगालगत कापा आणि उरलेले तुकडे सोल्डरिंग आयर्नने एकेक उचला. पॅडला, म्हणजे पिन जिथे चिकटते त्या बोर्डावरच्या तांब्याच्या ठिपक्याला, ताण देऊ नका. ट्रायोवर बहुधा २५६ के बाय १६ च्या, ४० पिनांच्या ईडीओ (एक प्रकारची डीरॅम) चिपा असतात, एकेक ५१२ केबीची. बदली चिप त्याच मांडणीची आणि तितक्याच किंवा कमी नॅनोसेकंदांची, म्हणजे तितकीच किंवा जास्त वेगवान हवी. काम करताना कूलर बंद ठेवा. मे महिन्यात नागपुरात ते जड जातं, पण त्या वाऱ्याने सांधा धड तापत नाही.

दुकानाचा फायदा म्हणजे मायक्रोस्कोप, प्रीहीटर आणि बसलेला हात. बर्डीवरच्या मोबाइल-लॅपटॉपवाल्यांना लेड-फ्री सोल्डरची सवय असते. ते २१७ अंशांच्या पुढे वितळतं. नव्वदच्या दशकातल्या कार्डांवरचं शिसंयुक्त सोल्डर १८३ अंशांना वितळतं. हे कार्ड देतानाच सांगा, नाहीतर जास्तीच्या उष्णतेने पॅड उचलले जातात. कोणती चिप बदलायची तेही खूण करूनच द्या. निदान त्यांच्यावर सोडलं तर नुसतं रीफ्लो (जुनंच सोल्डर पुन्हा वितळवणं) होऊन कार्ड परत येण्याची शक्यता मोठी.

दुसरं कार्ड घेणं ट्रायोसारख्या भरपूर खपलेल्या कार्डासाठी शहाणपणाचं. बंद पडलेलं मिळालं तरी चिपा कामाच्या. व्हूडू २ मात्र दुरुस्तच करा, ती आता सहज हाती लागत नाहीत.

विकत घेताना नुसता टेक्स्ट मोड बघून पैसे देऊ नका, त्यात मेमरीचा अगदी लहान भाग वापरला जातो. २ एमबीचं कार्ड १०२४ बाय ७६८ वर, ६५ हजार रंगांत चालवायला सांगा. त्याला दीड एमबी लागते, त्यामुळे पहिल्या १ एमबीपलीकडचा दोषही दिसतो.